पायातली थरथर

नागपूरची मे महिन्यातली दुपार कोणाला पिवळी वाटते, कोणाला पांढरी. मला ती निळी आठवते. त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. भर उन्हात गच्चीवर मशीनचा बाहेरचा भाग जोडायचा, तापलेल्या पत्र्याने बोटं भाजून घ्यायची आणि मग खाली उतरून पडदे ओढलेल्या खोलीत शिरायचं. डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग सगळं निळसर दिसू लागतं, पाण्याखाली बुडी मारल्यासारखं. त्या निळ्या पाण्यात कोणी पालथं झोपलेलं, कोणाची चादर सरकलेली, एखादी म्हातारी तोंड उघडं टाकून शांत घोरते आहे. लोकांची अशी झोप मी आयुष्यभर बघितली. मशीन नीट चाललं की माणसं झोपतात, आणि आपण हलक्या पावलांनी हत्यारं आवरून निघायचं. आमच्या कामाला मिळणारी हीच दाद. ती झोपेत दिली जाते, एवढंच.

मी घरगुती एसीचं वायरिंग करायचो. नुसत्या थंड मशीनचं नाही, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देणाऱ्या मशीनचंही. राहायला वाडीला, अमरावती रोडवर. ट्रकांच्या आवाजात जेवायचं, ट्रकांच्या आवाजात झोपायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या शांत खोल्यांमधून फिरायचं.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय, दोन वायरी जोडल्या की झालं. वायरी दोन नसतात, तीन असतात, आणि सगळी गोष्ट त्या तिसरीची आहे. दोन वायरी मशीन चालवतात. तिसरी हिरवी असते. ती काहीच करत नाही, नुसती जमिनीत जाऊन बसते. मशीनमध्ये कुठे वायर घासली, करंट पत्र्यावर उतरला, तर त्याला जमिनीत जायची वाट ती देते. ती नसेल तर करंट वाट बघत बसतो, आणि जो माणूस पहिला हात लावेल त्याच्यातून जमिनीत जातो. तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. माझा उस्ताद म्हणायचा, "घरात म्हाताऱ्याची जी जागा, ती हिरवीची जागा. कामाची दिसत नाही, पण ती गेल्यावर कळते."

भिंतीवर असते ती डबी म्हणजे थर्मोस्टॅट. तिच्यात जाणाऱ्या वायरी बारीक, करंटही बारीक. जाड वायरींच्या पाइपात त्या कधी घालायच्या नाहीत. खोली किती तापली, किती निवली ते ही डबी ओळखते आणि मशीनला सांगते, चाल किंवा थांब. पण तिला सगळी खोली कळत नाही. ती जिथे बसली आहे, तेवढंच तिला कळतं. धरमपेठेत एका आजोबांना भर मे महिन्यात मफलर गुंडाळून बसलेलं मी पाहिलं आहे. त्यांना वाटत होतं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मी गेलो तर थर्मोस्टॅटच्या बरोब्बर खाली आजींचं देवघर, आणि त्यात दिवसभर तेवणारी समई. डबीला वाटे, केवढं ऊन हे, आणि मशीन सुटे ते थांबेचना. मी डबी आतल्या भिंतीवर हलवली. पुढच्या खेपेला आजी म्हणाल्या, "तुम्ही यांचा आजार बरा केलात हो, पण आता मफलर सुटल्यापासून पुन्हा दिवसभर बोलतात."

अशा गमती सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. मला एकच घर सांगायचं आहे. ते कळमेश्वरच्या पुढे, संत्र्याच्या बागेत होतं.

घर गुलाबरावांचं. ते, त्यांची बायको सुमनताई आणि एकुलता एक मुलगा प्रफुल्ल. प्रफुल्लला विहिरीत सूर मारायची हौस होती. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं त्याला कळलं नाही. मान मोडली. जीव वाचला, पण छातीच्या खालचं अंग गेलं. हात खांद्यातून हलायचे, बोटं मिटायची नाहीत. पायांना काही कळत नव्हतं.

आणि त्याला घाम येत नव्हता. हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं की मानेला असा मार बसला की शरीराचा स्वतःचा थर्मोस्टॅट तुटतो. ऊन वाढलं की अंग तापत जातं, घाम फुटत नाही. थंडी पडली की अंग निवत जातं, कुडकुडी भरत नाही. आपल्याकडचा मे म्हणजे अशा माणसाला सरळ मरण. म्हणून गुलाबरावांनी बागेकडच्या खोलीत थंड-गरम मशीन बसवायचं ठरवलं. लोखंडी कपाटासारखं उभं राहणारं मशीन, भिंतीवर थर्मोस्टॅट. ऊन वाढलं की थंड हवा, गारठा पडला की गरम, आपोआप.

ते काम मी जीव लावून केलं. अर्थिंगसाठी अंगणात मी आणि गुलाबरावांनी मिळून खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, त्यात तांब्याची पट्टी पुरली. तिथून हिरवी वायर पाइपातून, अंगणाच्या मातीखालून खोलीपर्यंत आणली. घरच्या बोर्डात करंट गळला की आपोआप पडणारं स्विचही बसवलं. सुमनताईंना सांगितलं, "ताई, उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी टाकत जा. माती ओली राह्यली पाहिजे."

"तुळशीले टाकतो तसं टाकीन जी," त्या म्हणाल्या.

मशीन सुरू झालं. थर्मोस्टॅट 'टक्' वाजला. प्रफुल्लने डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, विहिरीत उतरल्यावानी वाटून राह्यलं."

ज्या विहिरीने त्याला असं केलं, तिचीच आठवण त्याला सुखाची वाटावी, याचं मला नवल वाटलं. नंतर वाटलं, पाण्याचा काय दोष.

पुढचा उन्हाळा आला. एका दुपारी मी वाडीत जेवून जरा आडवा पडलो होतो, तर सुमनताईंचा फोन. आवाज असा, जसा लग्न जमल्यावर बायांचा होतो.

"भाऊ, तुमच्या मशीननं त चमत्कार केला जी! पोराच्या पायात जीव येऊन राह्यला."

मी उठून बसलो. "काय सांगता ताई?"

"खरंच सांगतो. पायावरून हात फिरवला का थरथर लागते. बारीक, गायीच्या अंगावर माशी बसल्यावर कातडं थरथरते न, तशी. मी त्याले इचारलं, तुले वाटते का रे? त हो म्हणते, वाटते थोडं थोडं."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचाच होता तो. त्या क्षणभर मीसुद्धा त्यांच्याबरोबर त्या खोलीत उभा होतो, तो पोरगा पाय हलवतो आहे असं पाहत.

मग त्या म्हणाल्या, "पण मशीन चालू असली तरच होते. बंद झाली का पाय पुन्हा मुका. म्हणून म्हटलं, मशीनचा जोर थोडा वाढवता येईन का जी? म्हणजे थरथर वाढन."

माझं स्वप्न तिथेच संपलं. मशीन चालू असलं तरच.

मी विचारलं, "ताई, खाट कुठे आहे आता?"

"हलवली न. त्याले खिडकीतून बाग पाह्यची होती. आता मशीनले लागून हाये."

खाट लोखंडाची. दवाखान्यात असते तशी, पायथ्याला लोखंडी दांडी. प्रफुल्लचे पाय त्या दांडीला टेकलेले, दांडी मशीनच्या पत्र्याला टेकलेली. आणि पत्र्यावर काहीतरी उतरलेलं, ज्याला जमिनीत जायची वाट मिळत नव्हती.

"ताई, माझं ऐका. खाटेला, पोराला, मशीनला कोणी हात लावू नका. घराचं मेन पाडा. आत्ता."

"काहून जी? एवढ्या उन्हात? पोरगं तापन न!"

"गुलाबराव आहेत का? त्यांना फोन द्या."

त्या देईनात. "पायात जीव आला त बंद काहून करा?" हे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा बोलत होत्या. शेवटी फोन गुलाबरावांच्या हातात गेला. ते कमी बोलणारे. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि मला फोनमधून मेन पडल्याचा खट्कन आवाज आला.

"ओल्या चादरीनं अंग पुसत राहा," मी म्हणालो. घरात कूलर होता, पण तो लावा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अर्थिंग गेलेल्या घरात पाण्याचा कूलर लावणं म्हणजे एक संकट टाळून दुसऱ्याच्या मांडीवर बसणं.

मोटरसायकल काढली. वाडीहून कळमेश्वर काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. समोर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं, जवळ गेलं की सरकायचं. डोक्याला ओला दुपट्टा बांधला होता तो लगेच वाळला. मनात एकच हिशेब चालू होता. मशीन चालू ठेवलं तर वीज, बंद ठेवलं तर ऊन. पोरगा दोन्हींच्या मधे पडलेला, आणि त्याला दोन्हीतलं काहीच कळत नाही.

घरी पोचलो तेव्हा खोलीत भट्टी झाली होती. प्रफुल्लचा चेहरा लालबुंद, कपाळ कोरडं ठणठणीत. गुलाबराव ओली चादर हलवून वारा घालत होते. सुमनताई पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर त्याच्या पायांवर. प्रफुल्ल अर्धवट ग्लानीत बोलत होता. "पायरी निसरडी हाये... खाली लय थंड हाये पाणी... येऊ का?"

"नोको येऊ, बापू," सुमनताई म्हणाल्या. "तिथंच राह्य."

मी आधी खाट ओढून मशीनपासून दूर केली. मग सगळ्यांना लांब उभं केलं, मेन क्षणभर चढवलं. टेस्टर आधी चालू सॉकेटात तपासला, कारण मेलेला टेस्टर माणसाला मारतो. मग मशीनच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा मिणमिणला. लगेच मेन पाडलं.

पत्रा उघडला. खाट ढकलताना दांडीने मशीनचा पत्रा चेपला होता. वायर ज्या भोकातून आत जाते, तिथली रबरी कडी निसटली होती आणि वायर पत्र्याच्या धारेवर घासत होती. वरचं कव्हर कांद्याच्या सालीइतकं उरलं होतं. तेवढ्यातून बारीकसा करंट झिरपत होता; अशा अंगावरून बोट फिरवलं की बोटालाच थरथर लागते. इतक्या बारीक करंटनं बोर्डातलं स्विच पडत नाही. साल फाटली असती तर स्विच पडायच्या आत सगळा करंट खाटेवर आला असता, आणि सुमनताईंचा हात पोराच्या पायावर असता.

पण हिरवी वायर होती, मग करंट तिच्यातून का गेला नाही? मी अंगणात आलो. खड्ड्यातली माती ओली होती. ताईंनी पाणी टाकलं होतं. वायरीच्या वाटेने पाहत निघालो तर दारासमोर नवा उतार बांधलेला दिसला, सिमेंटचा, नीट घोटलेला. प्रफुल्लची चाकाची खुर्ची बागेत नेता यावी म्हणून. उताराच्या कडेची माती उकरली. पाइप तुटलेला, हिरवी वायर कापलेली.

गुलाबराव माझ्या मागे येऊन उभे होते. ते खाली बसले, वायरीचं टोक बोटावर घेऊन पाहिलं.

"माह्याच फावड्याचा घाव हाये," ते म्हणाले.

"मातीखाली काय दिसते, गुलाबराव. त्याच्यासाठीच बांधत होते ना."

ते उठले आणि आत जाऊन पुन्हा चादर भिजवायला लागले.

आता घाई होती. मी हिरवी वायर नवीन ओढली, उताराला वळसा घालून, यावेळी भिंतीवरून, डोळ्यांना दिसेल अशी. मशीनमधली घासलेली वायर कापून नवी घातली, कडी बसवली, पत्रा ठोकून सरळ केला. हात भराभर चालत होते आणि पाठीवर सुमनताईंची नजर होती.

त्या म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. थो करंट होता?"

"हो ताई."

"करंट असता त पोरगं ओरडलं नसतं? मले बोटाले लागे, त्याले पायाले नसतं लागलं?"

याचं उत्तर त्यांच्याच प्रश्नात होतं. ते मी त्यांच्या हातात द्यावं, असं मला वाटेना. पण त्यांचा चेहराच हळूहळू बदलत गेला. ते उत्तर त्यांना स्वतःच सापडलं.

"त्याले समजलंच नसतं," त्या पुटपुटल्या.

मी वायर आवळत राहिलो. त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मंग हे जोडायच्या पह्यले, एकडाव हात लावू द्या न जी. एकच डाव. मले माहीत हाये आता का थो करंट हाये. तरी."

माझ्या धंद्यात लोकांनी मला नाना गोष्टी मागितल्या. इतकी लहान मागणी नाकारायची वेळ पुन्हा आली नाही.

"नाही ताई," मी म्हणालो. "तेवढं नाही."

तेव्हा खाटेवरून आवाज आला. पंच्याने पुसून पुसून प्रफुल्ल शुद्धीवर आला होता. डोळे मिटलेलेच.

"माय, मले काहीच वाटत नव्हतं वं. तू इचारे, म्हणून मी हो म्हणो."

मला वाटलं, आता ही बाई कोसळते. ती उठली. बादलीत पंचा बुडवला, पिळला आणि त्याच्या कपाळावर ठेवला. आणि म्हणाली, "आता बोलू नोको. दम लागते."

मी मीटरने अर्थिंग तपासलं, मग पुन्हा तपासलं. मेन चढवलं. टेस्टर पत्र्याला लावला, खाटेला लावला. दिवा लागला नाही. थर्मोस्टॅट 'टक्' वाजला, मशीनने एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि थंड हवा सुटली. पडदे ओढले. हळूहळू खोली निळी होत गेली. प्रफुल्लच्या चेहऱ्यावरची लाली उतरली, श्वास संथ झाला. तो झोपला. गुलाबराव भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले, ओली चादर हातात धरून.

सुमनताई तेवढ्या जाग्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा त्यांनी हळूच त्याच्या पायावर हात ठेवला, घोट्यापासून अंगठ्यापर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही. मी हत्यारं गोळा केली. एक एक पाना कापडात गुंडाळला, आवाज होऊ नये म्हणून.

माझ्या कामाचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. त्या दुपारी मी दोन जीव वाचवले असं लोक म्हणतात, आणि ते खरं असेल. पण परतीच्या रस्त्यावर मला चोरी करून निघाल्यासारखं वाटत होतं. एका आईच्या बोटांमधून मी काहीतरी काढून घेतलं होतं. ते खोटं होतं आणि जीवघेणंही होतं. तरी ते तिचं होतं.

कित्येक महिने मी तिकडे गेलो नाही. त्यांचाही फोन आला नाही. हिवाळ्यात गुलाबरावांनी बोलावलं, मशीन गरम हवा देते पण आवाज करते म्हणून. मी सकाळी गेलो. बागेत धुकं, झाडांवर आंबिया बहाराची संत्री लगडलेली, फळांचा तोडा सुरू होता. प्रफुल्लची खुर्ची ओसरीत उन्हात होती, अंगावर घोंगडी, पाय तेवढे उघडे. सुमनताई खाली बसून त्याच्या पायांना तेल चोळत होत्या. मला पाहून त्यांनी मानेनं बसा म्हटलं आणि हात थांबवला नाही. त्या हळू आवाजात बोलत होत्या, माझ्याशी नव्हे.

"आता ऊन आलं पायावर. डाव्या. टाच अजून थंड हाये... आता दोन्ही पायाले ऊन लागलं. चांगलं कोमट... तेल लय झालं वाटते, घसरून राह्यलं."

प्रफुल्ल डोळे मिटून ऐकत होता. जिथे त्याचं अंग पोचत नव्हतं, तिथलं सगळं ती त्याला सांगत होती आणि तो "हं... हं..." म्हणत होता. गोष्ट ऐकत झोपी जाणारं मूल म्हणतं, तसं.

मग ती थांबली. "अगं बाई, मुंगी चढली रे तुह्या अंगठ्यावर."

"काढ न मंग," प्रफुल्ल डोळे न उघडता म्हणाला. "कवाच्या गुदगुल्या होऊन राह्यल्या."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ दाबलेले होते, पण गाल थरथरत होते. आणि मग ती हसली, तोंडाला तेलकट हाताची पालथी बाजू लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोही हसला. मुंगी आपल्या वाटेने घोट्याकडे चालली होती, आणि दोघांनाही तिची घाई नव्हती.

मी मशीनची जाळी काढली आणि धुवायला नळावर नेली.